आठवणीला लाखेचं सील नसतं: चुकीची शिक्षा टाळायची तर दोषारोपपत्र कसं वाचावं

जप्त केलेल्या चाकूची आपल्याकडे केवढी बडदास्त असते! खाकी कागदात गुंडाळायचा, दोरा बांधायचा, लाख वितळवून सील मारायचं, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी डकवायची, मुद्देमाल रजिस्टरला नोंद करायची आणि मग हवालदाराच्या हाती कलिनाच्या प्रयोगशाळेत धाडायचा. मधल्या मध्ये कुणी त्यात काही मिसळू नये म्हणून हा सगळा खटाटोप. पण तोच चाकू ज्या बाईंनी पाहिला, त्यांची आठवण मात्र उघड्यावरच पडून असते. शेजारी विचारून जातात, जावई विचारतो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा तरी फोटो येऊन पडतो, पोलीस तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारतात. दीड वर्षाने त्या पिंजऱ्यात उभ्या राहतात आणि बोट दाखवतात: हाच तो.

गेल्या पन्नास वर्षांत मानसशास्त्र, भाषाशास्त्र आणि समाजशास्त्रातल्या संशोधकांनी या विषयावर जे काम केलं, त्याचं सार मी एका वाक्यात असं सांगते: आठवण हाही मुद्देमाल आहे, तो दूषित होतो, आणि कधी दूषित झाला ते कागदांवरून बऱ्याचदा शोधता येतं.

मी ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर फौजदारी वकिली करते. ज्युनिअर असताना एका साक्षीदार बाईंना ‘तुम्ही खोटं बोलताय’ हे मी अडीच तास वेगवेगळ्या शब्दांत ऐकवलं होतं. बाई रडल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. न्यायाधीशांना त्या प्रामाणिक वाटल्या, आणि त्या प्रामाणिक होत्याच. माझ्या अशिलाला शिक्षा झाली. वरच्या कोर्टात तो सुटला, पण तोवर चार वर्षं गेली होती. प्रामाणिक माणूस ठामपणे चुकू शकतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नव्या वकिलांसाठी, विधीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि ज्यांच्या घरातला माणूस ठाण्याच्या किंवा तळोजाच्या जेलात आहे त्यांच्यासाठी ही कामाची पद्धत लिहीत आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक प्रकरण रचून घेते. पावणेआठची वेळ, नितीन कंपनीजवळचा सर्व्हिस रोड. मोटरसायकलवरून दोघं आले आणि मागे बसलेल्याने एका काकूंचं मंगळसूत्र खेचलं. फिर्याद त्याच रात्री दिली. तेविसाव्या दिवशी कळव्याचा एक तरुण अटकेत, एकसष्टाव्या दिवशी ओळख परेड, म्हणजे रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून साक्षीदाराने आरोपी ओळखायचा. यातलं सगळं काल्पनिक आहे, पण कोर्टात बसणाऱ्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल.

पायरी १: पळून जाणारा पुरावा आधी धरा

अटक झाली की घरचे जामिनामागे धावतात. ते साहजिक आहे, पण दुकानांच्या आणि सोसायट्यांच्या कॅमेऱ्यांत जुनं चित्रण साधारण पंधरा दिवस ते महिनाभरच टिकतं, पुढे त्यावर नवं चढतं. आपला माणूस त्या वेळी दुसरीकडे होता असं म्हणणं असेल, तर तो पुरावा त्याच आठवड्यात गोळा करा. कंपनीच्या गेटवरची हजेरी, यूपीआयची नोंद, रिक्षाच्या ॲपवरची फेरी, हॉटेलचं बिल. ‘तो घरीच होता’ ही आईची साक्ष खरी असली तरी कोर्टात तिचं वजन फार पडत नाही. कागद किंवा यंत्राची नोंद बोलते. शिवाय दोन महिन्यांपूर्वीच्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी आपण कुठे होतो, हे निरपराध माणसालाही आठवत नाही. आठवत नाही म्हणून तो काहीतरी जुळवून सांगतो, ते चुकतं, आणि तेच त्याच्या अंगावर येतं. नोंदी हाती येईपर्यंत अंदाजाने काही सांगू नका, हा माझा पहिला सल्ला.

तपासी अंमलदाराला चित्रण जपण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे हललं नाही तर कोर्टात अर्ज करा. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचंही विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, जपायला सांगितलं आहे. आरोपीला ठाण्यात नेमकं कधी आणलं आणि तोंड झाकून आणलं की उघड्या तोंडाने, हे पुढे चौथ्या पायरीवर लागणार आहे.

पायरी २: तारखांची पट्टी

दोषारोपपत्राच्या प्रती आरोपीला फुकट मिळतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे तो कोर्टात हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत त्या द्यायच्या असतात. प्रती हाती आल्या की वाचायला बसू नका, आधी पट्टी करा. आडवी वही घ्या आणि डावीकडून उजवीकडे तारखा मांडा: घटना, फिर्याद, प्रत्येकाचा जबाब, पुरवणी जबाब, अटक, मेमोरॅन्डम (‘वस्तू काढून देतो’ असं आरोपी म्हणाल्याचा पंचनामा), जप्ती, ओळख परेड, मुद्देमाल कलिनाला गेला तो दिवस, सीए रिपोर्ट म्हणजे प्रयोगशाळेच्या रासायनिक विश्लेषकाचा अहवाल.

प्रत्येक तारखेखाली दोन ओळी लिहा. या दिवशी पोलिसांना काय माहीत होतं? आणि साक्षीदाराला काय माहीत होतं? आमच्या रचलेल्या प्रकरणात काकूंच्या फिर्यादीत ‘अंदाजे २५ ते ३० वयाचा, सडपातळ’ एवढंच आहे. चोविसाव्या दिवशीच्या पुरवणी जबाबात मात्र ‘उजव्या भुवईवर जुना व्रण’ अवतरतो. मधे काय झालं? तेविसाव्या दिवशी अटक झाली. ज्याला पकडलं त्याच्या भुवईवर व्रण आहे. आठवण आरोपीपर्यंत पोचली की आरोपी आठवणीपर्यंत, हे ही पट्टी सांगते. माझ्या अनुभवात निम्मं काम इथेच होतं, आणि याला वकिलीची पदवी लागत नाही. एका कैद्याच्या बारावी झालेल्या बहिणीने केलेली पट्टी माझ्या ज्युनिअरपेक्षा चांगली होती.

पायरी ३: पाहिलं किती, आणि विचारलं कसं

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ गॅरी वेल्स यांनी १९७८ मध्ये एक साधी विभागणी केली. काही गोष्टी घटनेच्या असतात: उजेड, अंतर, वेळ, भीती, हत्यार. त्या आता कुणाच्याच हातात नाहीत. काही गोष्टी तपासयंत्रणेच्या हातातल्या असतात: प्रश्न कसे विचारले, फोटो कसे दाखवले, परेड कशी घेतली. कागद वाचताना हे दोन रकाने वेगळे ठेवा.

पहिल्या रकान्यासाठी जागेवर जा, त्याच वेळी जा. सर्व्हिस रोडवर पावणेआठला दिवा कुठे आहे, झाडाची सावली कुठे पडते, चालत्या मोटरसायकलवरच्या माणसाचा चेहरा किती सेकंद दिसतो, ते स्वतः बघा. समोर चाकू असेल तर नजर चाकूवर खिळते आणि चेहरा कमी लक्षात राहतो, हे प्रयोगांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. साक्षीदार आणि तिने पाहिलेला माणूस वेगळ्या वंशाचे असतील तर चेहरे ओळखण्यात चुका वाढतात, हेही.

दुसरा रकाना जास्त कामाचा. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि वेग विचारला. फक्त क्रियापद बदललं. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती?’ असं सौम्य शब्दात विचारलं तर सरासरी उत्तर ताशी सुमारे ३२ मैल आलं, ‘आदळून चुराडा झाला तेव्हा’ अशा शब्दात विचारलं तर जवळपास ४१. पुढच्या प्रयोगात आठवड्याने विचारलं की फुटलेली काच पाहिली का. काच फुटलेलीच नव्हती. चुराड्याचा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती दिसली होती, साधा शब्द ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना.

आता आपल्याकडचा जबाब काढा. त्यात प्रश्न लिहिलेले नसतात, फक्त उत्तरं असतात, तीही एका दमात सांगितल्यासारखी. ‘चाकू कोणत्या हातात होता?’ या प्रश्नात चाकू आधीच शिरलेला आहे. उत्तर ‘उजव्या’ आलं की कागदावर ‘उजव्या हातात चाकू घेऊन’ असं वाक्य तयार. म्हणून साक्षीदाराला पहिल्यांदा कुणी, काय शब्दांत विचारलं, हे कोर्टात विचारून घ्यावं लागतं.

पायरी ४: ओळख परेड, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

ठाणेकरांना मामलेदार, म्हणजे तहसीलदाराचं जुनं नाव, हा शब्द मिसळीमुळे ठाऊक असतो. पण ओळख परेड घ्यायला जेलात जे नायब तहसीलदार येतात, ते त्याच कचेरीच्या परंपरेतले. महसुलाची, निवडणुकीची, दाखल्यांची हजार कामं सांभाळून ते येतात. चेहरा ओळखण्याचं मानसशास्त्र त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. हा त्यांचा दोष नाही, पण त्याचे परिणाम आरोपी भोगतो.

आधी परदेशातलं एक प्रकरण सांगते, कारण त्याच्याइतकं बोलकं दुसरं नाही. १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका तरुणीवर बलात्कार झाला. त्या भयंकर वेळेतही तिने हल्लेखोराचा चेहरा नीट पाहून ठेवला, कारण जगले तर याला शिक्षा करवीन असं तिने ठरवलं होतं. फोटोंतून तिने रोनाल्ड कॉटनला निवडलं, मग रांगेतूनही निवडलं. फोटो आणि रांग या दोन्हींत असलेला तो एकटाच होता. योग्य माणूस निवडल्याचं तिला पोलिसांकडून कळलं. १९८७ च्या फेरसुनावणीत खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणून उभा केला, तेव्हा याला मी कधी पाहिलेलंच नाही असं तिने सांगितलं. कॉटनचा चेहरा खऱ्या चेहऱ्याच्या जागी जाऊन बसला होता. १९९५ मध्ये डीएनए चाचणीने कॉटन सुटला.

‘बरोबर ओळखलंत’ एवढे दोन शब्द काय करतात? वेल्स आणि ब्रॅडफिल्ड यांनी १९९८ मध्ये नेमकं हेच तपासलं. दाखवलेल्या फोटोंत खरा माणूस नव्हताच, त्यामुळे निवडणारा प्रत्येक जण चुकलेला. ज्यांना शाबासकी मिळाली, ते नंतर म्हणाले की आम्हाला तेव्हाही खात्री होती, चेहरा स्पष्ट दिसला होता, लक्ष देऊन पाहिलं होतं. थोडक्यात, कोर्टातला ठामपणा हा नंतर चढवलेला रंग असू शकतो. याला दुसरी बाजूही आहे: पहिल्याच वेळी, कुणी काही न सुचवता, नीट घेतलेल्या परेडमध्ये साक्षीदाराने दाखवलेली खात्री बरीच भरवशाची असते, असं अलीकडचं संशोधन सांगतं. म्हणून ‘साक्षीदाराच्या खात्रीला काही अर्थ नसतो’ असं कोर्टात ठोकून देऊ नका. पहिल्या वेळची खात्री कुठे नोंदवली आहे, ते विचारा. आपल्याकडच्या परेडच्या पंचनाम्यात ती बहुधा नसते.

दूरचं उदाहरण नको असेल तर आपल्या राज्यातलं घ्या. जून २००३ मध्ये जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ शेतातल्या वस्तीवर दरोडा पडला, पाच खून आणि बलात्कार झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीचीच शिक्षा दिली. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये फेरविचारात सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला राज्याला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदार महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधून भलत्याच चार जणांचे फोटो ओळखले होते, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. कागद पहिल्यापासून होता, पण वाचला गेला सोळा वर्षांनी.

आता तुमच्या हातातला परेडचा पंचनामा. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेप्रमाणे, म्हणजे आपण ज्याला क्रिमिनल मॅन्युअल म्हणतो त्याप्रमाणे, एका आरोपीमागे निदान सहा डमी, म्हणजे रांगेत उभी केलेली त्रयस्थ माणसं, हवेत, दोघे असतील तर दहा-बारा, आणि एका परेडमध्ये सहसा दोनपेक्षा जास्त आरोपी नकोत. संख्या मोजा. मग डमी कसे होते ते पाहा. वय, उंची, बांधा, दाढी, कपडे. महिनाभर जेलात असलेल्या माणसाचा अवतार वेगळा दिसतो, बाहेरून आणलेले डमी इस्त्रीच्या शर्टात असतात. अटकेपासून परेडपर्यंत किती दिवस गेले? त्या काळात आरोपीला कोर्टात रिमांडला कितीदा आणलं, तोंडावर बुरखा होता याची नोंद कुठे आहे, आणि साक्षीदार त्या दिवशी कोर्टाच्या आवारात होती का? फोटो छापून आला का? आरोपी कोण हे माहीत असलेलं कुणी परेडच्या खोलीत होतं का? ‘यात तो असेल किंवा नसेलही’ असं साक्षीदाराला सांगितलं का? हे एक वाक्य सांगितलं तर चुकीची निवड कमी होते, आणि त्याला एक पैसाही खर्च नाही.

यानंतर घरी बसून करता येण्यासारखा एक प्रयोग, जो डूब आणि किर्शनबॉम या कॅनडातल्या दोघांनी १९७३ मध्ये मांडला. फिर्यादीतलं वर्णन एका चिठ्ठीवर लिहा. दुसऱ्या कागदावर परेडमधल्या सातही जणांचं पंचनाम्यातलं वर्णन नावं वगळून, क्रमांक घालून लिहा. प्रकरणाची काहीच माहिती नसलेल्या वीसेक जणांना दाखवा. कॉलेजचा कट्टा, लोकलचा ग्रुप, कुणीही चालेल. विचारा, हे वर्णन कुणाचं वाटतं? परेड न्याय्य असेल तर प्रत्येक क्रमांकाला तीनच्या आसपास मतं पडतील. बाराजणांनी एकच क्रमांक सांगितला, तर तो ओळखायला साक्षीदाराची गरजच नव्हती. हा कोर्टात दाखल करायचा पुरावा नव्हे. पण नायब तहसीलदारांना काय विचारायचं, ते यातून कळतं.

एक सावधगिरीची सूचना. २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांत, ज्यातला एक आपल्याच जिल्ह्यातल्या मीरा रोडला झाला, मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ ला बाराही जणांना सोडताना शंभरहून अधिक दिवसांनी सांगितलेल्या आठवणींवर आणि अधिकार नसलेल्या व्यक्तीने घेतलेल्या परेडवर नेमकं बोट ठेवलं. निकाल वाचण्यासारखा आहे. पण राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तीनच दिवसांत तिथून आदेश झाला की हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून धरायचा नाही. त्यामुळे वाचा, शिका, पण युक्तिवादात त्यावर टेकू नका.

पायरी ५: मेमोरॅन्डम, म्हणजे मागल्या दाराने आलेली कबुली

पोलिसांपुढची कबुली आपल्याकडे पुरावा ठरत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ चं तत्त्व आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. मोक्का लागला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते. एरवी कबुलीतला फक्त तेवढाच भाग आत येतो ज्यामुळे काही वस्तू सापडली. म्हणून आपल्याकडे सगळा भार मेमोरॅन्डम पंचनाम्यावर. ‘मी लपवून ठेवलेले मंगळसूत्र काढून देतो’ आणि मागोमाग जप्ती.

निर्दोष माणूस कबूल का करेल, हा प्रश्न मला नातेवाईकही विचारतात. सॉल कॅसिन आणि कॅथरीन कीशेल यांनी १९९६ मध्ये विद्यार्थ्यांना संगणकावर टंकलेखनाला बसवलं आणि एक ठरावीक बटण दाबू नका म्हणून बजावलं. संगणक मुद्दाम बंद पाडला आणि आळ त्यांच्यावर घातला. बटण कुणीच दाबलं नव्हतं, तरी ६९ टक्क्यांनी कबुलीवर सही केली. २८ टक्क्यांना आपणच दाबलं असं खरंच वाटू लागलं, आणि ९ टक्क्यांनी कसं दाबलं याचा तपशीलही रचला. तिथे ना लॉकअप होतं ना पट्टा. खऱ्या प्रकरणांत काय होतं? स्टीव्हन ड्रिझिन आणि रिचर्ड लिओ यांनी २००४ मध्ये खोट्या ठरलेल्या १२५ कबुल्या तपासल्या. चौकशी किती वेळ चालली हे जिथे कळलं, तिथे सरासरी सोळा तासांच्या वर गेली होती. आपल्याकडे पोलीस कोठडीच पंधरा दिवसांपर्यंत मिळते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘फक्त गुन्हेगारालाच माहीत असेल अशी गोष्ट त्याने सांगितली’ हा युक्तिवाद. ब्रँडन गॅरेट यांनी २०१० मध्ये डीएनएने खोट्या ठरलेल्या ४० कबुल्या पाहिल्या. त्यातल्या ३८ मध्ये असा आतला तपशील होता. निर्दोष माणसाला तो कुठून कळला? विचारणाऱ्यांकडूनच. म्हणून दुसऱ्या पायरीची पट्टी परत उघडा. ही जागा, ही वस्तू पोलिसांना मेमोरॅन्डमच्या आधी माहीत होती का? स्टेशन डायरीत गाडी कधी बाहेर पडली? जागा सगळ्यांना खुली होती का? पंच कोण? तेच नाव आणखी चार गुन्ह्यांत दिसतं का? दोन आरोपींच्या मेमोरॅन्डममध्ये शब्दन् शब्द सारखा आहे का? आरोपीचे नेमके शब्द पंचांसमक्ष लिहिले पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुब्रमण्य विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात स्पष्ट केलं आहे. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे. ते मागा. नसेल तर का नाही, ते विचारा.

पायरी ६: हा जबाब नेमका कुणाच्या भाषेत आहे?

‘मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की...’ ही सुरुवात ज्याने एकदा वाचली तो विसरत नाही. घणसोलीचा भाजीवाला भोजपुरी वळणाची हिंदी बोलतो, आणि कागदावर मात्र ‘सदर इसम रंगाने सावळा, अंगाने मध्यम बांध्याचा, अंदाजे साडेपाच फूट उंचीचा असून’ असं बोलतो. एका प्रकरणात पाच साक्षीदारांच्या जबाबात ‘गडबडीने निघून गेला’ हे तीन शब्द त्याच क्रमाने होते. पाच तोंडं आणि लेखणी एक.

ही माझ्या मनाची शंका नव्हे. स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ यान स्वार्टविक यांनी १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये खुनासाठी दोषी ठरवलेल्या टिमोथी इव्हान्सच्या जबाबांचा अभ्यास केला, तेव्हा गुन्हा कबूल करणाऱ्या भागांची भाषा उरलेल्या जबाबापेक्षा वेगळी निघाली. इव्हान्सला १९५० मध्ये फाशी झाली होती, १९६६ मध्ये माफी मिळाली. इंग्लंडच्याच डेरेक बेंटलीच्या प्रकरणात माल्कम कूल्टहार्ड यांनी दाखवलं की ‘मग’ या अर्थाचा शब्द जबाबात जिथे आणि जितक्या वेळा येतो, ती पोलिसांच्या लिखाणाची ढब आहे, साध्या माणसाच्या बोलण्याची नाही. बेंटलीला १९५३ मध्ये फाशी, १९९८ मध्ये शिक्षा रद्द.

करायचं काय? सगळे जबाब शेजारी ठेवून सारखी वाक्यं एका रंगाने रंगवा. ज्याला मराठी लिहिता-वाचता येत नाही त्याला जबाब कोणत्या भाषेत वाचून दाखवला आणि वाचणारा कोण होता, हे विचारा. मराठीत या विषयावर काम जवळजवळ झालेलंच नाही. मराठी विभागांतल्या एखाद्या पीएच.डी. करणाऱ्याने ठाणे-बेलापूरच्या निकाली खटल्यांतले पाचशे जबाब वाचले, तर मोठं काम होईल.

पायरी ७: प्रयोगशाळेचा कागद

इथे थोडक्यात. सीए रिपोर्टवर कलिनाचा शिक्का आहे म्हणून हात जोडू नका. इटिएल ड्रोर यांनी २००६ मध्ये पाच ठसेतज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेले ठसे पुन्हा दिले, पण हे एका गाजलेल्या चुकीतले आहेत असं सांगून. चौघांनी मत बदललं. ठसे तेच, कहाणी वेगळी. तेव्हा प्रयोगशाळेला पाठवलेल्या पत्रात गुन्ह्याची आणि आरोपीची किती गोष्ट लिहिली आहे, ते पाहा. सीलचा ठसा आणि दिवस पट्टीशी जुळवा. नार्को किंवा ब्रेन मॅपिंगचा उल्लेख असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा सेल्वी प्रकरणातला २०१० चा निकाल आठवा: संमतीशिवाय केलेलं काही चालत नाही.

पायरी ८: जे धागे ओढलेच नाहीत

तपासाला एकदा दिशा मिळाली की उलट बोलणारी गोष्ट दिसेनाशी होते. यात पोलीस वाईट असण्याची गरज नाही. तुम्ही, मी, डॉक्टर, सासू, सगळेच असे वागतो. समाजशास्त्राचा प्रश्न वेगळा आहे: पहिली शंका कुणावर जाते? अल्बममध्ये फोटो कुणाचे असतात? जो आधी पकडला गेला त्याचे. तो ‘रेकॉर्डवरचा’ ठरतो, म्हणून परत दाखवला जातो, म्हणून परत ओळखला जातो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही समाजांना जन्मतःच रेकॉर्डवर आणलं होतं. कायदा १९५२ मध्ये गेला, सवय मात्र रेंगाळली आहे.

पट्टीखाली एक यादी करा: नाव आलं पण जबाब झाला नाही, कॅमेरा होता पण चित्रण नाही, मोटरसायकलचा अर्धा नंबर सांगितला पण शोध नाही. शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याचं जे पंचशील सांगितलं, त्यात हेच आहे. आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. तुमची यादी ही त्या उरलेल्या शक्यतांचीच.

पायरी ९: पिंजऱ्यातले प्रश्न

न्यायाधीशांपुढे लॉफ्टस आणि वेल्स यांची नावं घेत व्याख्यान देऊ नका. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये तज्ज्ञांच्या मतासाठी ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ हे शब्द आले आहेत, त्यामुळे मानसशास्त्रज्ञाला बोलवायला वाव आहे. पण सत्र न्यायालयातल्या रोजच्या खटल्यात ते क्वचितच जमतं. संशोधन छोट्या प्रश्नांत विरघळवायचं. काकूंना मी असं विचारीन, आवाज न चढवता:

‘तुम्ही घाबरल्या होतात, नाही का? हात गळ्याशी गेला? मोटरसायकल थांबली नव्हती? त्या रात्री पोलिसांना सगळं आठवेल तसं सांगितलंत? तेव्हा भुवईवरच्या व्रणाबद्दल सांगितलं नव्हतंत? व्रणाबद्दल पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा आरोपी पकडला गेल्याचं कळलं होतं? कुणाकडून? परेडनंतर कुणी काही म्हणालं?’

प्रत्येक उत्तर ‘हे म्हणणे खरे आहे की’ अशा एका सुट्या ओळीत उतरतं आणि निकाल लिहिताना न्यायाधीशांना ती ओळ सापडते. शेवटी ‘तुम्ही खोटं बोलताय’ असं सुचवायचं नाही. ‘तुम्ही पाहिलेला माणूस आणि समोरचा माणूस वेगळे असू शकतात’ एवढंच. काकू नाही म्हणतील. म्हणू देत. त्यांचा अपमान न करता मुद्दा कागदावर आला आहे.

पैसे नसतील तर, आणि सुटल्यावर

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठाण्याच्या न्यायालयाच्या आवारातच आहे. टोल फ्री क्रमांक १५१००. कोठडीतल्या कुठल्याही माणसाला उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतो. सत्र न्यायालयात शिक्षा झाली तर उच्च न्यायालयात अपिलाला साठ दिवस असतात. जेलच्या अधीक्षकामार्फतही अपील पाठवता येतं, त्यासाठी वकील ठरेपर्यंत थांबू नका. तुमची पट्टी आणि रंगवलेले जबाब विधी सेवेच्या वकिलाकडे स्वतः नेऊन द्या. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो, तयार कागद वाचला जातो.

भरपाईच्या आशेवर राहू नका. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ च्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांसाठी भरपाईचा कायदा सुचवला होता, पण २०२३ च्या नव्या संहितेत तो आला नाही. विनाकारण अटक करायला लावणाऱ्याकडून मिळू शकणारी भरपाई त्यात आहे: जास्तीत जास्त एक हजार रुपये. त्याहून मोठी रक्कम हवी तर उच्च न्यायालयात रिट करावी लागते आणि ती प्रत्येकाच्या प्रकरणावर ठरते.

सुटकेच्या दिवशी गडबडीत एक काम राहून जातं. निकालाच्या नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका आणि चार प्रमाणित नकला घ्या. एक पोलीस ठाण्यात देऊन रेकॉर्डला निर्दोष सुटल्याची नोंद करायला लेखी सांगा आणि पोच घ्या. एक चारित्र्य पडताळणीसाठी, एक नोकरीच्या ठिकाणासाठी. चौथी घरात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत, कारण पुढच्या वेळी कुणीतरी अल्बम उघडेल तेव्हा ती लागेल.